दोन नावांची फर्माईश

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आवडत्या प्रेमगीतांविषयी आणि त्यांच्या आठवणींविषयी बोला, असा निरोप आला तेव्हा मला आधी हसूच आलं. ज्यानं छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांकडून पाढे म्हणून घेतले आणि जो आता पंचाहत्तरीला टेकला आहे, त्या माणसानं प्रेमगीतांवर काय बोलायचं? लोह्याच्या बाजारात आजही मला सगळे 'गुरुजी' म्हणूनच हाक मारतात. घरी येऊन सौ.ला विचारलं. ती म्हणाली, "बोला की. पण खरं बोला. निस्तं गाण्याचं कवतिक नका सांगू."

तर खरंच सांगतो. त्यात माझी बाजू फारशी चांगली दिसणार नाही, हे आधीच कबूल करतो.

प्रेमाच्या गाण्यांशी माझी ओळख करून दिली ती माझ्या वडिलांनी. हे ऐकून पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांना नवल वाटेल, आमच्या मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना वाटणार नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. शाळा उर्दूत, कचेरी उर्दूत. लोहा तेव्हा कंधार तालुक्यात होतं. दादा, म्हणजे माझे वडील, चार इयत्ता उर्दूत शिकलेले. शेती करायचे, डोक्याला पटका बांधायचे, पंढरीच्या विठोबाची माळ घालायचे. पण गावात कुणाच्या शेताचा जुना उर्दू कागद निघाला की वाचायला दादांकडंच यायचा. अशा माणसाच्या कानावर तलत महमूद किंवा बेगम अख्तर यांची गझल पडली की ते हातातलं काम ठेवून ऐकायचे. 'हिज्र' म्हणजे ताटातूट, 'वस्ल' म्हणजे भेट, हे शब्द मला दादांनी सांगितले, तेही बैलाला वैरण टाकता टाकता. त्यात त्यांना काही लाजण्यासारखं वाटत नव्हतं. 'चा चा चा' नावाचा सिनेमा आला १९६४ मध्ये. त्यात मखदूम मोहिउद्दीन यांची कविता गाणं होऊन आली. तेलंगणाच्या लढ्यातला हा कम्युनिस्ट पुढारी इतकं हळवं लिहितो याचं दादांना कोण अप्रूप! "ह्यो आपल्या रियासतीतला माणूस हाय बरं का," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. पुढं १९८२ च्या 'बाजार'मध्येही मखदूम यांची गझल आली. खय्यामनी तिला चाल दिली होती. दादांनी ती ऐकली, तेव्हा त्यांना नीट दिसतही नव्हतं.

त्या काळी रेडिओ म्हणजे घरातली मोठी वस्तू. त्याचा परवाना काढावा लागे, दरवर्षी पोस्टात फी भरावी लागे. १९५२ नंतर काही वर्षं आकाशवाणीवर सिनेमाची गाणी जवळजवळ बंदच झाली होती. मंत्री बाळकृष्ण केसकर यांना ती पसंत नव्हती. लोक मग सिलोनकडं वळले. १९५२ मध्येच 'बिनाका गीतमाला' सुरू झाली होती. दर बुधवारी रात्री आठला अमीन सयानींचा आवाज आला की गल्लीतली माणसं एका रेडिओपाशी गोळा व्हायची. २०२४ च्या फेब्रुवारीत सयानी गेले. ती बातमी ऐकताना मला त्यांच्याआधी आमच्या गल्लीतला तो ओटाच आठवला. १९५७ मध्ये 'विविध भारती' आली आणि सिनेमाची गाणी पुन्हा आकाशवाणीवर वाजू लागली.

माझा स्वतःचा ट्रान्झिस्टर आला तो दुष्काळाच्या कमाईतून. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्यातला माणूस विसरू शकत नाही. मी वीस-एकवीस वर्षांचा होतो. रस्त्याच्या कामावर मस्टरवर हजेरी मांडायला मला घेतलं. शेकडो बायाबापड्या उन्हात खडी फोडायच्या. चांगल्या घरच्या, ज्यांनी कधी दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवला नाही अशाही. खायला पिवळी मिलो ज्वारी आणि सुकडी. त्या कामावर बाया ओव्या म्हणायच्या. भावाच्या, माहेराच्या, विठ्ठलाच्या, आणि मधेच एखादी घरधन्याची. पोट रिकामं, हाताला फोड आणि तोंडात नवऱ्याच्या कौतुकाची ओवी! पण त्यात नवऱ्याचं नाव कधी यायचं नाही. 'कंथ' म्हणायच्या, 'हौशा' म्हणायच्या, नाव मात्र नाही. ही नावाची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

१९७३ मध्ये मला शिक्षकाची नोकरी लागली, १९७५ मध्ये लग्न झालं. मुलगी बघायला गेलो तेव्हा मी तिचे फक्त पाय पाहिले होते, कारण मान वर करायची माझीही हिंमत झाली नाही. लग्नात घास भरवताना तिनं उखाण्यात माझं नाव घेतलं. ते पहिलं आणि पुढं कितीतरी दिवस शेवटचं. त्यानंतर मी 'अहो' झालो आणि ती 'अगं'. घरात आई-वडील, दोन भाऊ, एक विधवा आत्या. दिवसा आम्ही नवरा-बायको एकमेकांशी बोललो तर ते "पाणी" आणि "पिशवी कुठंय" एवढंच. रात्री कंदिलाच्या उजेडात मी ट्रान्झिस्टर हळू आवाजात लावायचो. सेल उतरले की दिवसा उन्हात ठेवायचो, त्यावर आणखी दोन-तीन दिवस निघायचे.

त्या रेडिओवर आम्ही दोघांनी मिळून पहिल्यांदा ऐकलेलं भावगीत म्हणजे 'शुक्रतारा'. शब्द मंगेश पाडगावकरांचे, चाल श्रीनिवास खळे यांची, आवाज अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते आकाशवाणीवर आलं आणि मग कधी गेलंच नाही. आमच्या घराला त्या गाण्यातल्यासारखी बाग नव्हती. मागच्या बाजूला कडब्याची गंजी होती आणि म्हशीचा गोठा. पण गाणं लागलं की सौ. हातातलं निवडण थांबवायची. एकदा म्हणाली, "हे दोघं एकमेकाला किती निवांत बोलतेत, नाही?" त्या वाक्यात तक्रार होती की नुसतं कौतुक, हे मला आजवर कळलेलं नाही. पण मला ते लागलं.

मग मी एक धाडस केलं. शाळेतल्या टेबलावर बसून एक पोस्टकार्ड लिहिलं आणि रेडिओच्या मराठी फर्माईशीच्या कार्यक्रमाला धाडून दिलं. नव्या पिढीला सांगितलं पाहिजे की तेव्हा फर्माईश हा केवढा मोठा छंद होता. बिहारातलं झुमरीतलैया नावाचं अभ्रकाच्या खाणींचं गाव (आज ते झारखंडात आहे) फक्त फर्माईशींच्या पत्रांमुळं देशाला माहीत झालं. माणसं गाण्याइतकीच वाट पाहायची ती आपलं नाव रेडिओवर येण्याची. मी पत्रात माझं नाव लिहिलं आणि त्यापुढं, थोडा वेळ पेन हातात धरून, तिचं.

१९७६ च्या पावसाळ्यातली संध्याकाळ. सगळे ओसरीवर बसलेले. दादा खाटेवर. निवेदिका नावं वाचू लागल्या. परभणी, जिंतूर, उदगीर, अहमदपूर... आणि मग माझं नाव आलं. त्याला लागून तिचं. 'लोहा, जिल्हा नांदेड'. ज्या घरात आम्ही एकमेकांचं नाव उच्चारत नव्हतो, त्या घराच्या ओसरीवर ती दोन नावं एका दमात, मोठ्या आवाजात, सगळ्यांसमोर घेतली गेली. आई पदर तोंडाला लावून हसली. आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. सौ. स्वयंपाकघरात पळाली, ती जेवणं होईपर्यंत बाहेर आली नाही, आणि त्या दिवशी भाकरी करपली. मी मान खाली घालून दादांच्या बोलण्याची वाट बघत होतो. दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "आवाज वाढव जरा."

पुढं दोन दिवस सौ. माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी डब्यात शेंगदाण्याची चटणी जरा जास्त होती. म्हणून मी म्हणतो की आमचं लग्न १९७५ मध्ये लागलं, पण संसार खऱ्या अर्थानं १९७६ च्या त्या संध्याकाळी सुरू झाला.

अशी ही माझी प्रेमगीतांची आवड. पुढं ती वाढतच गेली. १९७७ मध्ये 'जैत रे जैत' आला. आमच्याच मराठवाड्याच्या कडेचे, अजिंठ्याच्या डोंगराजवळच्या पळसखेडचे ना. धों. महानोर त्याची गाणी लिहितात आणि हृदयनाथ मंगेशकर त्यांना चाली लावतात, याचा केवढा अभिमान! टेपरेकॉर्डर आला, कॅसेटी आल्या. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांकडून भावगीतं बसवून घेणारा मीच. सुरेश भटांच्या गझलांवर गावात व्याख्यान देणाराही मीच.

आता दुसरी बाजू.

२००१ मध्ये माझी मुलगी पुण्यात नोकरीला होती. दिवाळीला घरी आली आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मी दाढी करत असताना, तिनं सांगितलं, "पप्पा, मी लग्न ठरवलंय." मुलगा शिकलेला, सज्जन, तिच्याच कचेरीतला. पण आमच्या जातीतला नाही. मी आरशातून तिच्याकडं पाहिलं. वळलोसुद्धा नाही. मी म्हणालो, "हे असलं घरात बोलायचं नाही."

ती शांतपणे म्हणाली, "पप्पा, तुम्हीच तर ती गाणी ऐकवलीत."

मला राग आला तो या वाक्याचा. तिनं भांडण केलं असतं तर मी भांडलो असतो. पण तिनं माझाच पुरावा माझ्यासमोर ठेवला. मी म्हणालो, "गाणं वेगळं, घर वेगळं." तेव्हा मला वाटलं, काय मुद्द्याचं बोललो! आज ते वाक्य आठवलं की दाढीचा तो साबण अजून तोंडावर वाळत असल्यासारखं वाटतं.

ती गेली. तिनं १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणं महिन्याची नोटीस देऊन पुण्यात नोंदणी लग्न केलं. मी गेलो नाही. सौ.लाही जाऊ दिलं नाही. तिनं हट्ट धरला नाही, पण त्या रात्री ताटावर बसली नाही. घरात रेडिओ बातम्यांपुरता उरला. बातम्या संपल्या की मी उठून बंद करायचो. प्रेमाचं कुठलंही गाणं लागलं की ते मला प्रश्न विचारतंय असं वाटायचं. कॅसेटी मी एका पत्र्याच्या पेटीत भरून माळ्यावर टाकल्या. लोकांना सांगितलं, वय झालं, आता भजनं बरी वाटतात. लोकांनाही ते खरं वाटलं.

श्रोतेहो, आमच्या लोह्यापासून जवळच माळेगाव आहे. मार्गशीर्षाच्या शेवटी तिथं खंडोबाची मोठी जत्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, बैल यांचा बाजार, तमाशाचे फड, लावणी, तंबूतले सिनेमे, सगळं मी लहानपणापासून पाहिलेलं. त्या जत्रेत वाघ्या-मुरळी जागरण घालतात. त्यात काय गातात? देवाच्या लग्नाची गोष्ट. खंडोबाची म्हाळसा लिंगायत वाण्याची लेक, आणि बाणाई धनगराची. बाणाईसाठी देव धनगराच्या वाड्यावर चाकर राहिला, मेंढरं राखली. २००२ च्या जत्रेत मी भंडारा लावून ते जागरण ऐकत बसलो होतो. सगळी रात्र ऐकलं. देवानं जात सोडून लग्न केलं म्हणून माना डोलावल्या, येळकोट म्हटलं. आणि सकाळी घरी येऊन सौ.ला विचारलं नाही, की पोरीचं काही कळलं का.

पण तिला कळत होतं. चौकातल्या एसटीडी बूथवरून ती रात्री उशिरा, दर कमी झाले की, पुण्याला फोन करायची. शेजारणीला सोबत घेऊन जायची. मला सांगायची, 'देवळात जाऊन आले.' मला कळत नव्हतं असं नाही. मी न कळल्यासारखं करत होतो. एका घरात राहून आम्ही दोघं तीन वर्षं असं एकमेकांना फसवत राहिलो.

२००४ चा पावसाळा. संध्याकाळची वेळ. मी ओसरीवर त्याच जागी बसलो होतो जिथं कधी दादांची खाट असायची. बातम्या संपल्या. मी उठलो, तशी आतून सौ. म्हणाली, "राहू द्या चालू आज." का, ते मी विचारलं नाही. पुन्हा बसलो.

थोड्या वेळानं फर्माईशीचा कार्यक्रम लागला. नावं सुरू झाली. आणि मग माझं नाव. मला वाटलं, गावात या नावाचे आणखी दोघं आहेत, त्यातलं कुणी असेल. पण लगेच सौ.चं नाव आलं. मग माझ्या लेकीचं. मग जावयाचं. ज्याचं नाव मी तीन वर्षांत एकदाही तोंडावर आणलं नव्हतं, ते माझ्याच ओसरीवर माझ्या नावाच्या ओळीत बसलं होतं. आणि त्यानंतर आणखी एक नाव आलं, पाचवं. ते मला ओळखीचं नव्हतं. 'लोहा, जिल्हा नांदेड.' आणि 'शुक्रतारा' सुरू झालं.

माझा हात रेडिओच्या बटणाकडं गेला होता. बंद करायलाच गेला होता, खोटं कशाला बोलू? दारात सौ. उभी होती. हाताला पीठ तसंच. ती म्हणाली, "आवाज वाढवा जरा."

मी विचारलं, "हे पाचवं नाव कुणाचं?"

"तुमच्या नातीचं. आठ महिन्याची झाली."

श्रोतेहो, आजोबा झाल्याची बातमी मला रेडिओनं दिली. माझ्या पहिल्या नातवंडाचं बारसं झालं, कानात नाव सांगितलं गेलं, पाळणा म्हटला गेला, आणि मी लोह्यात बसून भजनं ऐकत होतो. आवाज मी वाढवला. गाणं संपेपर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही. नंतर कळलं की ते पोस्टकार्ड तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. चौथीपर्यंत शिकलेली बाई. तीन कार्डं खराब केली आणि चौथं धाडलं. माझं नाव लिहिताना सगळ्यात जास्त वेळ लागला, म्हणाली. सवयच नव्हती.

त्याच आठवड्यात आम्ही रातराणी गाडीनं पुण्याला गेलो. सिनेमात दाखवतात तसं काही झालं नाही. दार जावयानंच उघडलं. त्यानं वाकून नमस्कार केला, मी "असू द्या, असू द्या" म्हणालो. लेक पहिले दोन दिवस माझ्याशी बेताचंच बोलली. तिचा तो हक्क होता. तीन वर्षांचा हिशेब दोन दिवसांत फिटत नाही, आणि खरं सांगायचं तर काही बाकी अजूनही आहे. तिच्या लग्नाच्या फोटोत आम्ही नाही. ते आता कुणालाही दुरुस्त करता येणार नाही. नात मात्र पहिल्या दिवशीच माझा चष्मा ओढून मोकळी झाली.

पेटी माळ्यावरून खाली आली. बऱ्याच कॅसेटींच्या फिती चिकटून गेल्या होत्या.

पुढं एकदा 'शुक्रतारा'विषयी विचार करत बसलो, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. हे गाणं आपण अस्सल मराठी म्हणून मिरवतो. पण लिहिणारे पाडगावकर वेंगुर्ल्याचे, चाल लावणारे खळे बडोद्यात वाढलेले, गाणारे दाते इंदूरचे, आणि सोबत गाणाऱ्या सुधा मल्होत्रा यांची तर मातृभाषाही मराठी नाही. दात्यांचं मूळ नाव अरविंद. घरात त्यांना 'अरू' म्हणत, त्यावरून रेडिओवर 'अरुण दाते' असं सांगितलं गेलं आणि तेच कायम झालं, असं सांगतात. म्हणजे त्यांनाही नाव दिलं ते रेडिओनंच. अशी चार ठिकाणची चार माणसं एकत्र आली म्हणून ते गाणं झालं. मी ते तीस वर्षं ऐकलं आणि हे मला दिसलं नाही. खळे २०११ मध्ये गेले, पाडगावकर २०१५ मध्ये, दाते २०१८ मध्ये. दाते गेल्याचं ऐकलं त्या दिवशी लेकीचा पुण्याहून फोन आला. "पप्पा, ऐकलं का?" एवढंच म्हणाली. मग आम्ही दोघं थोडा वेळ फोन धरून गप्प बसलो. आमच्यातलं ते सगळ्यात निवांत बोलणं.

आता फर्माईशीची पोस्टकार्डं कुणी लिहीत नाही. नात मोबाईलवर हवं ते गाणं क्षणात लावते. तिनं विशी ओलांडली आहे. सुट्टीत आली की आजीला दोन्ही कानांत ते बारके हेडफोन घालून गाणी ऐकवते, कारण आजीला आता ऐकू कमी येतं. 'शुक्रतारा' लागलं की सौ. अजूनही निवडण थांबवते. आणि आता घरात मोठं माणूस कुणी नसल्यामुळं कधी कधी मला नावानं हाक मारते. इतक्या वर्षांनी कानाला जरा चमत्कारिक वाटतं, पण मी 'ओ' देतो.

परवा नात म्हणाली, "आजोबा, तुम्हाला एक सांगायचंय, पण आत्ता नाही. पुढच्या सुट्टीत सांगते." ती काय सांगणार याचा मला थोडा अंदाज आहे. कुणाचं नाव सांगेल, कुठल्या गावचं, कुठल्या घरचं, मला माहीत नाही. मी एवढंच ठरवून ठेवलंय की त्या दिवशी सकाळी दाढी लवकर उरकून घ्यायची आणि तिच्याकडं तोंड करून बसायचं.